वहीच्या मागच्या पानावर

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं हत्यार कोणतं असं कुणी विचारलं, तर मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण दाखवते. त्यात पंधरा मिली मावतं, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेला माणूस पहिल्यांदा तोंडाला काही लावतो, ते या झाकणातून. वरणावरचं पाणी, फडक्यातून गाळलेलं, एक झाकण. तेही एका दमात प्यायचं नाही, गरम चहासारखं जिभेवर घेत घेत संपवायचं. मग थांबायचं. मग दुसरं झाकण. आठवड्यापूर्वी बारा पुऱ्या सहज रिचवणारा माणूस तिसऱ्या झाकणाला हात आडवा करतो आणि म्हणतो, पोट भरलं. हे मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही, पण दरवेळी अंगावर शहारा आला.

फराळाची बशी शेजारी घेऊन हा दिवाळी अंक वाचणाऱ्यांनी चकली खाली ठेवायची गरज नाही. मी स्वतःही लिहिताना शेव खाते आहे. निवृत्त झाल्यावर एवढी मुभा असावी.

हिमायतनगरच्या एका इस्पितळात मी आहारतज्ज्ञ होते. दारावर पाटी तशी होती, पण वॉर्डात मला सगळे ‘खाने की मॅडम’ म्हणायचे. घर नल्लकुंट्यात. आजोबा निजामाच्या अमदानीत परभणीकडून इथे, त्याच्या राजधानीत आले, त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर दखनी आणि वॉर्डातल्या आयांशी तेलुगू, अशा तीन भाषांत मी लोकांना ‘कमी खा’ म्हणायला शिकले. त्याआधी मात्र बरीच वर्षं मी ‘जास्त खा’ म्हणत होते. क्षयाचे रोगी, रक्त कमी असलेल्या बाळंतिणी, आजारातून उठलेले कारकून. शेंगदाणे-गूळ खा, दूध घ्या, परवडत असेल तर अंडं घ्या, एवढ्यावर माझा पगार चालला होता.

मग नव्वदीनंतर बाजार खुला झाला आणि बघता बघता शहराची चण बदलली. कोल्ड्रिंकच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या घरोघरी फ्रिजमध्ये जाऊन बसल्या. सायकलवरचा माणूस स्कूटरवर आला, स्कूटरवरचा गाडीत. तिकडे माळरानावर काचेच्या इमारती उठल्या, त्यांत पोरं बारा-बारा तास खुर्चीत बसू लागली. आमच्या ओपीडीतला वजनकाटा एकशेवीस किलोवर थांबायचा. तो तिथवर जाईल असं तो विकत घेणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. आता आठवड्याला दोघं-तिघं असे यायला लागले की काटा शेवटच्या रेघेला टेकून थरथरत राहायचा, आणि ते बिचारे मान खाली घालून उतरायचे.

त्याच सुमाराला आमचे सर्जन डॉ. राव बाहेरून हे ऑपरेशन शिकून आले. सोप्या शब्दांत सांगते. जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा काढायचा. तेवढंच नवं पोट. बाकीचं मोठं जठर शरीरातच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. मग आतड्याचा खालचा भाग वर ओढून या छोट्या पोटाला जोडायचा. सर्जनचं काम तीन-चार तासांत संपतं. नंतरचे सहा महिने, खरं तर सगळा जन्म, हा खाने की मॅडमच्या खात्यात येतो.

कारण नवं पोट घेऊन माणसाला खायला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. आधी गाळलेलं पाणी, मग पातळ ताक, मग मऊ मुगाची डाळ, मग गुरगुट्या भात, असं करत दोन महिन्यांनी फुलक्याचा पापुद्रा. घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तासही नाही. गोड खाल्लं तर ते सरळ आतड्यात धडकतं, छाती धडधडते, घाम फुटतो आणि संडासाकडे पळावं लागतं. आवडीच्या फोडणीचा वास नकोसा होतो. तिसऱ्या महिन्यात केस गळतात. भूक तर कित्येकांची नाहीशीच होते, मग घड्याळ लावून खावं लागतं. आयुष्यभर ज्या भुकेशी भांडलो ती एका सकाळी घर सोडून गेलेली, हे काही जणांना सोसत नाही. एक बाई त्यासाठी माझ्यासमोर रडली होती.

मिर्झासाहेब मात्र कशालाच रडले नाहीत. जुन्या शहरातले, शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले, टोपी-शेरवानीत तपासणीला येणारे. रमझान आला तेव्हा त्यांच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. त्यांनी माझ्याशी हलीमवरून रीतसर वाद घातला. मऊ पदार्थांच्या यादीत हलीम का नाही? ते तर गहू आणि मटण घोटून घोटून मऊच केलेलं असतं, त्यात चावायला आहेच काय? मुद्दा बिनतोड होता. मी वरचं तूप काढून दोन चमच्यांना परवानगी दिली. पुढच्या वेळी आले तेव्हा म्हणाले, दोन चमच्यांना अर्धा तास लागला. मग म्हणाले, “सारी उमर खाया मैं, बीबी. उस दिन चख्या.” असं काही ऐकलं की त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नसे.

या मिर्झासाहेबांचं मी ऐकायला हवं होतं. ते पुढे येईलच.

प्रमिलाबाई कदम आल्या त्या सुनेचा हात धरून. मूळचं घराणं नांदेडकडचं, शेतीतलं. सासऱ्यांनी सिकंदराबादला पाइप आणि पंपांचं दुकान टाकलं होतं, ते आता नवरा आणि थोरले दीर मिळून चालवत. वय पन्नासच्या आतबाहेर, दोन वेळा इन्सुलिन, गुडघे गेलेले, रात्री आडवं झोपलं की श्वास अडकायचा. सून मृणाल पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. तिनंच हे ऑपरेशन इंटरनेटवर शोधलं, वाचलं आणि घरात लावून धरलं. घर विरुद्ध होतं. थोरल्या जाऊबाई तर उघड म्हणाल्या होत्या की चालत्या-बोलत्या माणसाचं पोट कापायला निघालेली ही पोरगी उद्या काही झालं तर कुणाला तोंड दाखवणार आहे? हे मला प्रमिलाबाईंनी पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं. त्या हसण्याकडे मी नीट पाहिलं नाही.

त्यांना आमचा काटा पुरला नाही. शेवटी त्यांच्याच दुकानातल्या, पाइप तोलायच्या काट्यावर वजन घ्यायचं ठरलं. नोकर घरी गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं, मी आणि मृणाल दोघीच आत. प्रमिलाबाई लोखंडी पाट्यावर चढल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “किती भरला माल?” एकशे चौतीस. मृणालनं आकडा लिहून घेतला आणि सासूला उतरायला हात दिला. दोघींची गट्टी त्या दिवशी मी पाहिली.

ऑपरेशन उत्तम झालं. चौथ्या दिवशीची गोष्ट. सिस्टर इन्सुलिनची सुई घेऊन आली, साखर तपासली, पुन्हा तपासली आणि सुई तशीच घेऊन परत गेली. वर्षानुवर्षं दिवसातून दोनदा टोचून घेणाऱ्या बाईला त्या दिवशी इन्सुलिनची गरज उरली नव्हती, आणि वजन तर अजून किलोभरही उतरलेलं नव्हतं. मी डॉ. रावांना विचारलं, हे कसं झालं? ते म्हणाले, अन्नाची वाट बदलली की आतडं शरीराला वेगळे निरोप पाठवतं. मग खांदे उडवून म्हणाले की याहून जास्त अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. मोठ्या सर्जनानं असं कबूल करावं याचं मला फार बरं वाटलं. शरीरापुढे आम्ही सगळेच शिकाऊ होतो.

घरी जाताना प्रत्येकाला मी एक शाळेची वही द्यायचे. पट्टीनं तीन रकाने आखलेली: वेळ, पदार्थ, किती. प्रमिलाबाई गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर गोल आणि नीटस. पहिल्या तपासणीला वही आणली ती बघून मी खूशच झाले. प्रत्येक पानाच्या वर मधोमध ‘॥ श्री ॥’ आणि खाली एकही खाडाखोड नाही. सकाळी सात, मुगाचं पाणी, दोन झाकणं. नऊ वाजता ताक, चार झाकणं. पुढच्या महिन्यात मऊ डाळ, तीन चमचे. कुठे चूक म्हणून नाही. वजनही झरझर उतरत होतं, आणि या ऑपरेशनात वजन उतरलं की आम्ही सगळे टाळ्या वाजवायला तयारच असायचो.

तपासणीच्या दिवशी ती वही माझ्या टेबलावर असली की मी ती नमुना म्हणून मिरवू लागले. पहिलं पान झाकून, नाव न सांगता, एकदा मिर्झासाहेबांनाही वाचून दाखवली. त्यांची स्वतःची वही उर्दूत होती आणि त्यात खाण्यापेक्षा गाऱ्हाणीच जास्त: आज जळजळ, आज ढेकर, आज बिर्याणीच्या वासानं बेचैनी. अशी वही ठेवा, असा माझा सूर होता. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, “ये किताब में पेट किधर है, बीबी? खाली दस्तरखान दिख रा मेरेकू.”

मी हसले. यात नुसतं मांडलेलं पान दिसतं, जेवणाऱ्याचं पोट कुठे दिसत नाही, असं ते म्हणत होते; पण मिर्झासाहेबांच्या बोलण्याला हसायची सवय होती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला मृणालचा फोन आला. सासूबाई दोन दिवसांपासून म्हणतायत की सगळं दोन-दोन दिसतं. भिंत धरून चालतायत. आज सकाळी तिलाच विचारलं, तू कुणाची मुलगी? अशक्तपणा असेल म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलंय, ते ग्लुकोजची बाटली लावणार आहेत, लावू द्यावी ना?

आता यात त्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. अशक्त माणसाला ग्लुकोज लावतात. पण मला त्या क्षणी आमच्या गृहविज्ञान कॉलेजातल्या लक्ष्मीकांतम्मा मॅडम दिसल्या, फळ्यासमोर खडू घेऊन उभ्या. समुद्राकाठच्या आंध्रातल्या. त्यांच्या लहानपणी तिकडे गिरणीचा पांढराशुभ्र भात खाऊन माणसांचे पाय जायचे, त्याची गोष्ट त्या दरवर्षी सांगायच्या. तांदळाच्या कोंड्यात असलेलं बी-वन जीवनसत्त्व गेलं की आधी पाय जातात, मग डोळे, मग डोकं. आणि एक वाक्य त्या दोनदा लिहून घ्यायला लावायच्या: ज्याच्या पोटात काही टिकत नाही त्यालाही हे होतं, आणि अशा माणसाला आधी साखर देऊ नका. साखर वापरायला शरीराला हेच जीवनसत्त्व लागतं, उरलंसुरलंही त्यात संपतं. परीक्षेत हा प्रश्न कधी आला नव्हता. तीस वर्षांत मी हा रोगी पाहिलाही नव्हता.

मी मृणालला म्हटलं, “सुई लावू देऊ नकोस. आहेत तशा गाडीत घाल आणि इकडे आण. वही घेऊन ये.”

सिकंदराबादहून त्या येईपर्यंतचा वेळ मी डॉ. रावांच्या खोलीबाहेर उभी राहून काढला. त्यांना सगळं सांगितलं. पोटात काही टिकत नसेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वहीत तर सगळं ठीक आहे. हे म्हणताना मिर्झासाहेबांचं ‘पेट किधर है’ आठवलं.

चाकाच्या खुर्चीत आणल्या त्या प्रमिलाबाई मला ओळखूच आल्या नाहीत. अंगावरची साडी सैल, गाल बसलेले, आणि डोळे. बुबुळं एका जागी थांबतच नव्हती, आडवी थरथरत होती. मी खाली बसून त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं, खालच्या आवाजात म्हणाल्या:

“जाऊबाई, मी सगळं खाल्लंय बघा. काही परतलं नाही. मृणालला काही बोलू नका.”

मृणाल माझ्यामागे उभी होती. तिनं ते ऐकलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉ. रावांनी एक मिनिटही घालवलं नाही. आधी शिरेतून बी-वन, भरपूर, आणि मग बाकीचं सगळं. एवढीशी काचेची कुपी, इस्पितळातल्या सगळ्यात स्वस्त औषधांतली. आमच्याकडे दुर्बिणीनं ऑपरेशन करायची यंत्रं होती, परदेशी टाके घालायची हत्यारं होती, आणि एका बाईचा जीव अडला होता तो गावाकडे म्हशीच्या आंबोणात घालतात त्या कोंड्यातल्या कणभर वस्तूपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आल्याआल्या आधी त्यांच्या खाटेकडे गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. बुबुळं स्थिर होती. नुसती स्थिर. खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत होत्या, आणि मी आत आले तसे ते डोळे माझ्याकडे वळले आणि माझ्यावर थांबले. “ताई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही कधी आलात?” देव पाहिला असं कुणी म्हटलं तर मी एरवी हसेन, पण त्या सकाळी हसले नसते.

दोन दिवसांनी तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. पोट आणि आतडं जिथे जोडलं होतं तिथली वाट भरून येताना आवळत गेली होती. दाभणाचं टोक जाईल एवढी उरली होती. असं काही जणांचं होतं, त्यात कुणाची चूक नसते. डॉ. रावांनी तिथे छोटा फुगा फुगवून वाट मोकळी केली. संध्याकाळी मी वरणाच्या पाण्याचं झाकण त्यांच्या ओठाला लावलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटून वाट पाहिली. त्या, मृणाल आणि मी, आम्ही तिघीही वाट पाहत होतो. काही वर आलं नाही. त्या म्हणाल्या, “गेलं की हो खाली.” नवल वाटल्यासारखं म्हणाल्या.

मग कळलं ते असं. महिन्याहून जास्त दिवस त्यांच्या पोटात काही टिकत नव्हतं. आधी घट्ट काही घेतलं की, मग पातळ घेतलं तरी. संडासात जाऊन, नळ सोडून, सगळं बाहेर. गोळ्याही त्यातच जायच्या. घरात कुणाला पत्ता नाही. कळलं असतं तर थोरल्या जाऊबाई मृणालच्या राशीला लागल्या असत्या. मृणालला कळलं असतं तर तिनं स्वतःला दोष दिला असता. आपलंच चावायचं चुकत असेल, आपणच हावरेपणा करत असू, शिकू हळूहळू, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

“पण वहीत का नाही लिहिलंत?” मी विचारलं. “घरात तर ती कुणी बघत नाही.”

त्या खरोखर बुचकळ्यात पडल्या. मग मला लहान मुलीला समजवावं तशा म्हणाल्या, “वर श्री लिहिलंय ना ताई. त्याच्याखाली ओकारी कशी लिहू? अन्नाची वही ती.”

माझ्या आईच्या किराण्याच्या यादीवरही श्री असायचं. माझ्या स्वतःच्या पहिल्या पगाराच्या पाकिटावर मी श्री लिहिलं होतं. जेवताना ओकारीचं नाव काढलं तर वडील पानावरून उठायचे. हे सगळं माझ्या रक्तात असताना मी ते एका बाईच्या वहीत बघून अक्षराचं कौतुक करत बसले. आणि रकाने तरी कुणी आखले होते? वेळ, पदार्थ, किती. काय आत गेलं ते विचारणारे. काय राहिलं हे विचारणारा रकाना मी एवढ्या वर्षांत कधी आखलाच नव्हता. ही चूक माझी होती, आणि तिची किंमत दुसऱ्या बाईनं दिली. प्रमिलाबाईंच्या पायातल्या मुंग्या कधीच पूर्ण गेल्या नाहीत. अजूनही त्या चालताना भिंतीला एक हात ठेवतात. इस्पितळात आणलं त्या दोन-तीन दिवसांतलं त्यांना काहीही आठवत नाही. जाऊबाई समजून त्या मला काय म्हणाल्या हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. मृणालनंही सांगितलं नसावं.

त्यांना घरी सोडताना मी नवी वही दिली. या वेळी वही उलट्या बाजूनं उघडली, मागच्या पानावर दोनच रकाने आखले: वेळ, आणि काय राहिलं नाही. पुढची बाजू श्रीची, तिला कुणी हात लावणार नाही, म्हटलं. मागची बाजू फक्त माझी. इथे काहीही लिहिलं तरी अन्नाला लागत नाही, सुनेला लागत नाही. आवळलेली वाट पुन्हा आवळू शकते, हेही सांगितलं. पुन्हा लपवलंत तर या वेळी डोळे थांबतीलच असं नाही, एवढं कठोर बोलले. त्यांनी मान डोलावली. ती मान कुणाला नाही म्हणता येत नाही म्हणून डोलावणारी होती, आणि मी घरी जाऊन जेवले नाही.

पहिल्या आठवड्याला त्या आल्या, मागचं पान कोरं. दुसऱ्या आठवड्याला कोरं. मी मृणालला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, बाथरूमचा नळ वाजला की मी कान देऊन बसते, पण त्यांना कळलं तर त्या नळच सोडणार नाहीत. कोऱ्या पानाचा अर्थ बरं आहे असा घ्यायचा की पुन्हा तेच, हे मला आणि तिला दोघींनाही ठरवता येईना. वजन उतरत होतंच. आता मला त्या उतरत्या आकड्याची भीती वाटायला लागली होती.

तिसऱ्या आठवड्याला प्रमिलाबाई एकट्या आल्या. रिक्षा करून, भिंत धरत धरत, मृणालला ऑफिसला पाठवून. समोर बसल्या आणि नेहमीसारखी वही पुढे केली. मी पुढची पानं चाळली. श्री, वरणभात दोन चमचे, ताक, श्री, मुगाचं धिरडं एक तुकडा. गोल, नीटस अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी वही मिटून काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, फिरवली आणि मागून उघडून माझ्यासमोर ठेवली.

“हे कालचं आहे,” त्या म्हणाल्या. “रातभर विचार करू लालते, लिहावं का नको. मग लिहिलं.”

अक्षर कापरं होतं. वर मधोमध, पुढच्या पानांवर असतं तसंच, ‘॥ श्री ॥’ होतं. आणि त्याखाली: संध्याकाळी सात. वरण, दोन चमचे. राहिलं नाही.

मी वही मिटली, कपाळाला लावली आणि डॉ. रावांना फोन केला.